गिनिपिगच्या दाढा कोण बघणार?

मा. कुलगुरू,
कर्नाटक पशुवैद्यकीय, पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठ, बीदर यांस,



मी हुबळीत दुर्गदबैलच्या मागच्या गल्लीत राहते. घरात मराठी, बाजारात कानडी, असं आमचं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. संध्याकाळी कोथिंबिरीची पिशवी नुसती सळसळली, की आमचे दोन गिनिपिग, चिंगी आणि बंडू, जाळीला पुढचे पाय टेकून शीळ घातल्यासारखे ओरडायचे. गेल्या श्रावणात चिंगी गेली. म्हणून हे पत्र.

तिचं दुखणं आधी आमच्या ध्यानातच आलं नाही. ती गवतापाशी जायची, एक काडी उचलायची, ओठांत धरून बसायची आणि तशीच खाली टाकायची. हनुवटीखालचे केस सतत ओले. भूक होती, पण चावता येत नव्हतं. गिनिपिगच्या दाढा जन्मभर वाढत राहतात. गवत चावून त्या झिजल्या नाहीत, तर खालच्या दाढा आत कलतात आणि जिभेवर कमान धरतात. दिवसभर पोटात काही गेलं नाही, तर या जिवाचं आतडंच थंडावतं. हे सगळं मला आज कळतंय. तेव्हा मी ‘उद्यापर्यंत बघू’ म्हणाले.

एका डॉक्टरांनी सरळ सांगितलं, ‘‘बाई, मी म्हशी बघतो, कुत्री बघतो. ह्याच्यातलं मला कळत नाही.’’ त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. दुसरीकडे तोंड उघडून न बघताच अॅमॉक्सिसिलिन लिहून मिळालं. कुत्र्यामांजरांना चालणारं हे औषध गिनिपिगच्या पोटात गेलं, की पचनाचे चांगले जिवाणू मरतात आणि विष सोडणारे माजतात. ड्रॉपरनं ते तिला मीच पाजलं. तिसऱ्या दिवशी पहाटे ती गार पडलेली होती.

त्या डॉक्टरांवर राग धरून काय करू? त्यांना हे हाताला धरून कुणी शिकवलं असेल, असं मला वाटत नाही. केंद्र सरकारने २०१८ साली पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी नियम केले. त्यात पाळीव प्राण्यांच्या व्याख्येत कुत्रा, मांजर, सशाबरोबर गिनिपिगचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे तो विकायचा कसा, हे ठरलेलं आहे. तो आजारी पडला तर न्यायचा कुठे, हे मात्र विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. जाणता डॉक्टर शोधत बंगळूरला जावं, तर ते इथून चारशे किलोमीटरहून लांब. रात्रभराच्या बसमध्ये अर्धमेला गिनिपिग टिकत नाही.

आपलं गदगचं महाविद्यालय मात्र हुबळीहून साठेक किलोमीटरवर आहे. तिथे आठवड्यातून एक दिवस ससे आणि गिनिपिग बघायला ठेवा. दाढा तपासायची साधनं आणि भूल देऊन त्या घासता येणारा एक माणूस, एवढ्यानं सुरुवात होईल. शिकणारी मुलं शेजारी उभी राहून बघतील, तर चार वर्षांनी हावेरीत, धारवाडला, बेळगावला कुणीतरी जाणतं असेल. आणि ज्यांनी हे काम खरोखर केलंय, अशा डॉक्टरांची यादी कानडीत आणि मराठीत लावा. नुसतं ‘सर्व प्राणी’ अशी पाटी बघून आम्ही फसतो. मी आता फोनवरच विचारते, ‘‘भूल द्यायच्या आधी उपाशी ठेवायचं का?’’ ‘हो’ म्हणाले, तर पुढे जात नाही. गिनिपिगला उलटीच होत नाही. उपास मात्र त्याला मारू शकतो.

या प्राण्याचं माणसावर ऋण आहे, हे आपल्याला मी काय सांगावं? १९०७ मध्ये नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रॉलिश यांनी गिनिपिगना नुसत्या धान्यावर ठेवलं आणि त्यांना स्कर्व्ही झाला. माणसासारखंच त्यांचंही शरीर क जीवनसत्त्व बनवत नाही. त्या जीवनसत्त्वाचा शोध पुढे लागला, तो याच वाटेनं. म्हणूनच माझ्या घरी रोज ढोबळी मिरचीची फोड ठरलेली. बाजारातली अक्का ती माझ्यासाठी वेगळी काढून ठेवते.

बंडू एकटा पडलाय. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचं वजन करते. महिन्यापूर्वी ९६० ग्रॅम होतं. आज ९०५ भरलं. सकाळी त्यानं गवताची काडी उचलली, थोडा वेळ तोंडात धरली आणि खाली टाकली.

आपली नम्र,
दुर्गदबैलची एक रहिवासी, हुबळी