काकूंचा प्रश्न

आमच्या पिपरी मेघ्यात महिन्यातून एकदा वाचनमंडळ भरते. मंडळ म्हणजे आठ माणसे, एक सतरंजी आणि चिवड्याचा डबा. चर्चा थंडावली की डबा फिरतो आणि डबा संपला की चर्चाही संपते. गेल्या खेपेस भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ घेतली होती. निवड माझी, तेव्हा बोलण्याचा मानही माझाच, असे मी धरून चाललो होतो.

बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर पोसलेल्या आमच्या निवृत्त मास्तरांनी आरंभीच हरकत घेतली, “यात रहस्य कुठाय हो? खून नाही, गुप्तहेर नाही!”

मला तेच हवे होते. पंचविशीतल्या नेमाड्यांची ही १९६३ सालची कादंबरी, तिचा नायक पांडुरंग सांगवीकर, देवीच्या रोगाने गेलेली त्याची धाकटी बहीण मनी, असे करत करत मी अजिंठ्याच्या प्रकरणावर आलो. मग काय विचारता! पाचवे शतक, वाकाटक राजा हरिषेण, सोळाव्या लेण्यातला शिलालेख आणि त्यात कोरलेले मंत्री वराहदेवाचे नाव. “नाव लेणे देणाऱ्याचे, चित्रे काढणाऱ्यांचे नाही. हेच खरे रहस्य!” असे टाळीचे वाक्य टाकून मी डब्याकडे वळलो.

कोपऱ्यातून काकू म्हणाल्या, “ते असो जी. पण पाठची बहीण गेल्यावर हा पोरगा लेणी काहून पाहत बसला?”

“काकू, ते प्रतीक आहे,” मी म्हणालो.

‘प्रतीक’ हा शब्द मोठा सोयीचा. समोरचा माणूस गप्प होतो. काकूही झाल्या.

निघताना चपला शोधता शोधता त्या हळूच म्हणाल्या, “माझी धाकटी बहीणही देवीनंच गेली. चार वर्षांची होती. तिचा फोटोसुद्धा नाही. मला कोणी काही सांगेना. नागपंचमीला आईनं भिंतीवर गेरूनं चित्रं काढली होती, तीच मी दिवसभर बघत बसले. त्यांत ती कुठं दिसेल असं वाटे. म्हणून विचारलं.”

मला उत्तर सुचले नाही. देशातून देवी १९७५ साली हटली, पण ज्या घरातून ती लेकरू घेऊन गेली, तिथली जागा काही भरली नाही. आणि काकूंच्या आईनेही त्या भिंतीवर आपले नाव लिहिले नव्हते.

पुढच्या रविवारी सगळे मंडळ पवनारला गेले. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे वा. वि. मिराशींचे मत. विनोबांच्या आश्रमात जमीन खणताना जुनी शिल्पे निघाली, त्यांतच राम-भरताच्या भेटीचे शिल्प आहे. माझ्या खिशात टिपणांचा कागद तयार होता. काकू त्या शिल्पापुढे उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. दोघे भाऊ कडकडून भेटलेले. मी कागद खिशातच ठेवला. मास्तरांनीही कसलीच हरकत घेतली नाही.

परतताना एक ठराव झाला, की यापुढे जो ‘प्रतीक’ हा शब्द उच्चारील, त्याने पुढच्या बैठकीचा चिवडा आणावा. सूचक मी, अनुमोदक काकू.