फॉरमॅट मारूया?

पूर्वी पोटदुखी असो की डोकेदुखी, एरंडेल देणारे वैद्य असत. त्यांचे वंशज हल्ली संगणक दुरुस्त करतात. एरंडेलाचे नाव बदलून ‘फॉरमॅट’ झाले, इतकेच. पडदा काळा पडला? फॉरमॅट. चित्र थरथरते? फॉरमॅट. आणि संगणकावर लिनक्स आहे असे कळले, तर नाडीसुद्धा पाहायची नाही! या एरंडेल संप्रदायाविरुद्ध मला चार शब्द बोलायचे आहेत, आणि ते मी चिडूनच बोलणार आहे.

मी महाबळेश्वरात राहतो. जुलैत आमच्या आर्थरसीटला या. कठड्यापलीकडे पांढऱ्या भिंतीखेरीज काही दिसणार नाही. सावित्रीचे खोरे कुठे गेले? कुठेही नाही, धुक्यामागे आहे तिथेच आहे. ‘दरी बिघडली, बुजवून नवी खणा’ असे अजून एकाही पर्यटकाने म्हटलेले नाही. (पुण्याहून आलेल्यानेसुद्धा!) संगणकाचा पडदा दिसेनासा झाला की मात्र लोक अख्खा डोंगर सपाट करायला निघतात.

लिनक्समध्ये चित्रे दाखवणारे खाते वेगळे आणि मूळ गाडा वेगळा. हे खाते १९८४ साली जन्मलेल्या ‘एक्स’ नावाच्या वडीलधाऱ्याकडे होते. २००८ साली जन्मलेला ‘वेलँड’ त्याच्या कनवटीच्या किल्ल्या एकेक करून काढून घेतो आहे. एकत्र कुटुंबात हे चालायचेच. अजून पुष्कळ ठिकाणी दोघेही नांदतात, आणि एक रुसला तर लॉगिनच्या पडद्यावरूनच दुसऱ्याला हाक मारता येते. दोघेही रुसले तरी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ एकदम दाबा. बहुतेक वेळा काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत संगणक तुमचे नाव विचारतो. जो नाव विचारतो, त्याला मेला कसे म्हणायचे?

गेल्या श्रावणात आमच्याकडे पासवर्ड दिला की पडदा लुकलुके आणि पुन्हा पासवर्ड मागे. पासवर्ड चुकला असता तर त्याने तसे तोंडावर सांगितले असते. मुकाट्याने घेऊनही बाहेर घालवतो, म्हणजे दारात नव्हे, आत काहीतरी अडले आहे. पण बोलावलेल्या तज्ज्ञाने बूड टेकायच्या आधीच निकाल दिला, “काका, फॉरमॅट माराय लागतंय.”

“आणि आतलं सगळं?”

“जाणारच की. काय महत्त्वाचं हुतं काय?”

महत्त्वाचे! माझ्या वडिलांनी रोज सकाळी मोजलेला पाऊस वह्यांत टिपून ठेवला होता. वह्यांना बुरशी लागली तेव्हा बायकोने तीन पावसाळे बसून ते आकडे संगणकात उतरवले. पेनड्राइव्हवर प्रत होती, पण तिलाही महाबळेश्वरची हवा बाधली.

मी त्याच्या हातात चहा दिला आणि त्या तीन कळा दाबल्या. ‘डीएफ हायफन एच’ असे विचारताच कळले, डिस्क १०० टक्के भरलेली. मे महिन्यातले महाबळेश्वरच की हो! लॉगिन होताना ज्या चिमुकल्या फायली लिहाव्या लागतात त्यांना उभे राहायला जागा नाही, म्हणून प्रवेशाची पावती फाडूनही गाडी वेण्णा लेकपासून परत. नव्या आवृत्त्या बसवून झाल्यावर मागे राहिलेली गाठोडी ‘सुडो ॲप्ट क्लीन’ म्हणून बाहेर काढली, यंत्र पुन्हा चालू केले. पडदा उजळला. वडिलांचा पाऊस जागच्या जागी होता.

“असं बघत बसल्यावर दिवसाला दोन मशीनंबी हुणार न्हाईत,” तज्ज्ञ म्हणाला. त्याचा हिशेब मला कळतो. फॉरमॅटला डोके लागत नाही आणि दर ठरलेला असतो. कधीमधी सगळे पुसून नव्याने टाकावेही लागते, मान्य. पण ते सगळ्यांत शेवटी! लिनक्स तर आपल्या दुखण्याची रोजनिशी स्वतःच लिहून ठेवतो. ‘जर्नलसीटीएल’ म्हटले की पाने पुढे करतो. इतका बोलका रोगी कुठल्या धन्वंतरीच्या नशिबी आला असेल? आणि त्यालाच आमचे वैद्य बेशुद्ध समजून एरंडेल पाजणार!

तज्ज्ञाने सवयीने पावती लिहिली, ‘फॉरमॅट – ५०० रुपये’. मी ‘फॉरमॅट’ खोडून तिथे ‘तपासणी’ लिहायला लावले आणि ५०० रुपये दिले.