घर एक, संग्रह एक

परवा चिरंजीवांनी पुन्हा तोच सल्ला दिला. "बाबा, तो हॉलमधला डबा बंद करा आता. सगळी गाणी नेटवर आहेत."

डबा म्हणजे माझा जुना डेस्कटॉप. घरातलं सगळं संगीत त्यात आहे आणि घरातले बाकीचे तिन्ही संगणक तिथूनच ऐकतात. तो मी का बंद करणार नाही, ते एकदा लिहूनच टाकतो.

वडिलांच्या तीनेकशे कॅसेटी मी दोन वर्षं खपून संगणकावर उतरवल्या. ३२० केबीपीएसच्या एमपीथ्रीला तासाला साधारण १४४ एमबी लागतात, म्हणजे तासातासाच्या तीनशे कॅसेटी ४३ जीबीत मावल्या. एवढंसंच तर आहे, म्हणून मी प्रत्येक संगणकावर एकेक प्रत टाकली. तीच घोडचूक! वर्षभरात एका संग्रहाचे तीन झाले. माझ्याकडे 'वसंतराव देशपांडे', बायकोकडे 'पं. वसंतराव', चिरंजीवांकडे 'अननोन आर्टिस्ट'. एकीकडे सुधारलेली चूक दुसरीकडे तशीच. खरी यादी कुठली, हे कुणालाच सांगता येईना.

म्हणून माझं म्हणणं असं, की ऐकणारे कितीही असोत, संग्रह एकच हवा आणि तो आपल्या घरात हवा.

घरातच का? अ‍ॅपलने २००३ साली आयट्यून्समध्ये एका संगणकावरची गाणी दुसऱ्यावर ऐकायची सोय दिली. सुरुवातीला ती इंटरनेटवरूनही चालायची. महिन्याभरात ती घरच्या नेटवर्कपुरती आखडली. २००९ मध्ये 'होम शेअरिंग' आलं, तेही पाच संगणकांपुरतं. गाणी आपली, घर आपलं, आणि किती संगणकांवर वाजवायची ते ठरवणार तिसराच! आज नॅव्हिड्रोम, जेलीफिन अशी फुकट आणि मुक्त सॉफ्टवेअरं आहेत. जुन्या संगणकावर आरामात चालतात, आणि परवानगी कुणाची मागावी लागत नाही.

राहता राहिलं 'नेटवर सगळं आहे'. सगळं? आमच्या गल्लीतल्या गणेशोत्सवात वडिलांनी टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन ध्वनिमुद्रित केलेलं गाणं कुठल्या नेटवर आहे? आणि जे आहे, तेही भाड्याचं. मागच्या वर्षी माझ्या यादीतली चार नाट्यगीतं एका सकाळी करडी झाली. करार संपला असेल. मला कोण विचारतंय?

नवीन गाणी मीही भाड्यानेच ऐकतो, त्यात खोटं नाही. डब्याची डिस्क एक दिवस जाणार, हेही मान्य. म्हणून दुसरी डिस्क बहिणीकडे ठेवली आहे. पण ती राखीव प्रत आहे, तिच्यात कुणी हात घालत नाही. दुरुस्ती करायची ती डब्यातच.

पूर्वी घरात एकच टेपरेकॉर्डर असायचा. वडिलांनी लावलेलं न मागताच कानावर पडायचं आणि तिथेच राहायचं. आता प्रत्येकाच्या कानात वेगळी बोंडं. निदान कपाट तरी एक असू द्या, म्हणजे एखादा आपलं काही शोधताना दुसऱ्याचं काढेल.

गेल्या रविवारी डब्याच्या पडद्यावर दिसलं, चिरंजीवांच्या संगणकावर ते गणेशोत्सवातलं गाणं चालू होतं. शेवटी वडील म्हणतात, "अरे, कॅसेट संपली."

मी काही बोललो नाही. तोही बोलला नाही.