बिलिंगच्या कॉम्प्युटरला लगेच फॉरमॅट मारू नका



विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुन्या पीसीवर विंडोज ११ चालत नाही आणि नवीन घ्यायला बजेट नाही, म्हणून आपल्यातल्या काही जणांनी दुकानात उबंटू किंवा लिनक्स मिंट टाकून घेतलं. निर्णय चांगलाच आहे. पण एक दिवस स्क्रीनवर ‘अनमेट डिपेंडन्सीज’ किंवा ‘ब्रोकन पॅकेजेस’ असं येतं आणि नवीन काही इन्स्टॉल होत नाही. मग ओळखीच्या पोराला फोन जातो. तो म्हणतो, "दादा, फॉरमॅट मारू."

माझं स्पष्ट मत आहे, या एररवर फॉरमॅट हा पहिला उपाय नाहीच. तो शेवटचा आहे. कारण पीसी पाचशे-हजारात परत चालू होईल, पण उधारीची वही, स्टॉक, जुनी बिलं त्यात गेली तर ती कोण भरून देणार?

आधी हे होतं का ते समजून घ्या. लिनक्समध्ये प्रत्येक सॉफ्टवेअर दुसऱ्या छोट्या पॅकेजेसवर अवलंबून असतं. हलवायाला खवा लागतो, खव्याला दूध लागतं, तसंच. मधलं एक नाही आलं की पुढचं सगळं अडकतं. बहुतेक वेळा कारण तीनपैकी एक असतं. अपडेट चालू असताना लाईट गेली. किंवा प्रिंटरची डेब फाईल वेबसाईटवरून आणून तशीच टाकली. किंवा दुसऱ्याच व्हर्जनसाठी असलेला बाहेरचा सोर्स जोडला.

आता उपाय. कमांडचं स्पेलिंग व्हिडिओत स्क्रीनवर दिलंय, इथे क्रम आणि कारण बघा.

१. आधी डेटा पेन ड्राईव्हवर कॉपी करा. हे झाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

२. ‘डीपीकेजी कॉन्फिगर’वाली कमांड द्या. अर्धवट राहिलेलं इन्स्टॉलेशन ती पूर्ण करते. लाईट गेल्यामुळे झालेला प्रॉब्लेम पुष्कळदा इथेच सुटतो.

३. ‘ॲप्ट अपडेट’ करून मग ‘फिक्स ब्रोकन’ची कमांड द्या. राहिलेली पॅकेजेस ती आणते, नाहीतर अडवणारं पॅकेज काढायचं सुचवते.

४. इथे थांबा! ‘वाय’ दाबायच्या आधी कोणती पॅकेजेस निघणार ती यादी वाचा. डेस्कटॉप किंवा बिलिंगचं नाव त्यात दिसलं तर ‘एन’ दाबा.

५. तरी नाही सुटलं तर बाहेरचे सोर्स बंद करून परत अपडेट करा, आणि कुठलं पॅकेज ‘होल्ड’वर आहे का ते बघा.

‘लॉक मिळत नाही’ असं आलं तर घाबरू नका. मागे ऑटोमॅटिक अपडेट चालू असतं. थोडं थांबा, लॉक फाईल डिलीट करायच्या भानगडीत पडू नका.

काही जण म्हणतील, "आम्ही धंदा करायचा की कमांड पाठ करायच्या?" मुद्दा बरोबर आहे. मालकाने इंजिनिअर व्हायची गरज नाही. पण आपण तराजू बिघडला की आधी वजन टाकून बघतो, लगेच नवीन घेत नाही. एवढीच सवय इथे लावायची. आणि दुरुस्तीवाल्याला बोलावलंत तरी त्याला विचारा, "आधी डिपेंडन्सी बघितली का?" प्रश्न विचारणाऱ्या गिऱ्हाईकाचं काम नीट होतं, हे दुकानदाराला वेगळं सांगायला नको.

खरं काम मात्र एरर यायच्या आधीचं आहे. अपडेट दुकान बंद झाल्यावर करा, शक्यतो यूपीएसवर. जीएसटीच्या ११ आणि २० तारखेच्या आदल्या दिवशी तर अजिबात नको. डेब फाईल टाकायचीच असेल तर ॲप्टमधूनच टाका, म्हणजे लागणारी बाकीची पॅकेजेस सोबत येतात. टाईमशिफ्टने सिस्टिमचा स्नॅपशॉट ठेवा. मिंटमध्ये ते आधीपासून असतं, उबंटूत टाकून घ्यावं लागतं. पण लक्षात ठेवा, टाईमशिफ्ट सिस्टिमसाठी आहे, तुमच्या बिलांसाठी नाही. बिलांचा बॅकअप वेगळा.

लिनक्स फुकट मिळतं, पण त्याची देखभाल फुकट नसते. महिन्यातला अर्धा तास तिला द्या. ऐन सणाच्या गर्दीत गल्ल्यावर बसून हाताने बिलं फाडण्यापेक्षा तो अर्धा तास नक्कीच स्वस्त पडतो.