रग्बीच्या गमती व एक विचार

सामान्य प्रेक्षकास रग्बीच्या खेळाची फारशी माहिती नसते. तरी त्याविषयींची एक आख्यायिका मात्र पुष्कळांच्या कानांवर आलेली असते. इंग्लंडांत रग्बी या गांवच्या शाळेंत १८२३ सालीं फुटबॉल चालला असतां विल्यम वेब एलिस नांवाच्या विद्यार्थ्यानें चेंडू हातांत धरला, आणि मागें सरून तो लाथेनें उडविण्याचा प्रघात झुगारून सरळ पुढें धांव ठोकली; त्या उच्छृंखलपणांतून एक नवा खेळ जन्मास आला, असें सांगतात. त्या शाळेंत या पराक्रमाची शिला बसविलेली आहे, आणि १९८७ सालापासून जागतिक स्पर्धेंतील विजयी पुरुष संघास मिळणाऱ्या चषकासही एलिसचेंच नांव आहे. नियम मोडणाऱ्या विद्यार्थ्याचा इतका गौरव क्वचितच झाला असेल. आमच्या बालवाचकांस ही गोष्ट विशेष प्रिय कां वाटावी, हें त्यांच्या पालकांस सांगावयास नको!

परंतु ती खरी आहे काय? एलिस पुढें धर्मोपदेशक झाले व १८७२ सालीं निवर्तले. त्यानंतर चार वर्षांनीं मॅथ्यू ब्लॉक्सम या माजी विद्यार्थ्यानें शाळेच्या नियतकालिकांत पत्र लिहून ही हकीकत प्रसिद्ध केली. घटनेच्या वेळीं ब्लॉक्सम स्वतः शाळेंत नव्हते. पहिल्या पत्रांत त्यांनीं साल १८२४ दिलें, तें १८८० च्या पत्रांत १८२३ झालें. १८९५ सालीं माजी विद्यार्थ्यांच्या मंडळानें चौकशी आरंभिली, तेव्हां हा प्रसंग स्वतः पाहिल्याचें सांगणारा एकही साक्षीदार मिळाला नाहीं.

याच शाळेंतील दुसरी एक गोष्ट मात्र लेखी पुराव्यावर उभी आहे, आणि आमच्या मतें तीच अधिक सांगण्याजोगी आहे. १८४५ सालीं तेथील तीन विद्यार्थ्यांनीं खेळाचे सदतीस नियम लिहून काढले. रग्बीचे पहिले लेखी नियम ते हेच. ते शिक्षकांनीं नव्हे, मुलांनीं केले. त्यांतील कांहीं आज वाचतांना हसूं येतें. बुटांस बाहेर आलेले खिळे किंवा लोखंडी पट्ट्या असूं नयेत. प्रतिपक्ष्यास लाथ मारण्यास हरकत नाहीं, परंतु टाचेनें किंवा गुडघ्याच्या वर मारूं नये. पांच दिवसांत निकाल न लागल्यास सामना बरोबरीचा समजावा, आणि एकही गोल न झाल्यास तिसऱ्याच दिवशीं! परंतु एक नियम हसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. तंट्याचा निवाडा दोन्ही पक्षांच्या प्रमुखांनीं, किंवा त्यांनीं नेमलेल्या प्रतिनिधींनीं, करावा असा तो होता. बाहेरचा पंच नाहीं, शिटी नाहीं. दुसऱ्याचें म्हणणें ऐकावयाचें आणि आपला शब्द खरा ठेवावयाचा, एवढाच आधार.

या तिघांपैकीं एक विल्यम अर्नोल्ड, त्या शाळेचे नामांकित मुख्याध्यापक टॉमस अर्नोल्ड यांचे चिरंजीव. त्या वेळीं ते अवघे सतरा वर्षांचे होते. पुढें ते हिंदुस्थानांत आले व पंजाबांतील शिक्षणखात्याचे प्रमुख झाले. १८५९ सालीं स्वदेशीं परततांना वाटेंत जिब्राल्टर येथें त्यांचा अंत झाला. सोबत्यांसाठीं नियम लिहिणाऱ्या मुलाच्या हातीं पुढें एका प्रांताच्या शिक्षणाची व्यवस्था आली, ही गोष्ट किती जणांस ठाऊक आहे?

खरी गोष्ट नीरस असते, असें कोणी समजूं नये. कलकत्त्यास १८७३ सालीं स्थापन झालेला रग्बीचा क्लब पांच वर्षांतच ओस पडला. सभासदांनीं शिल्लक पैसा वांटून घेतला नाहीं. बँकेंतून चांदीचे रुपये काढून ते वितळविले, त्यांचा चषक घडविला आणि इंग्लंडच्या रग्बी संघटनेस अर्पण केला. त्याच्या तिन्ही मुठी नागाच्या आकाराच्या असून झांकणावर हत्ती आहे. १८७९ पासून इंग्लंड व स्कॉटलंड यांचे संघ त्यासाठीं झुंजत आले आहेत. १९८८ सालीं एडिंबरोच्या रस्त्यावर रात्रीं दोन खेळाडूंनीं त्याचाच चेंडू केला. चषक चेपला, आणि दोघांसही शिक्षा झाली. नियम मोडणारांच्या शिला नेहमींच उभारल्या जात नाहींत!

एका शालेय नियतकालिकांतील पत्रानें दंतकथेस एवढें बळ दिलें. म्हणून अशाच अंकांत लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांस आम्ही सुचवितों कीं, ऐकीव गोष्ट लिहितांना ती कोणीं पाहिली, हें आधीं विचारावें. एलिसची गोष्ट अवश्य सांगावी. पण आख्यायिका म्हणून. पालकांसही आमची एक विनंति आहे. अंगणांत मुलांचा तंटा झाला कीं आपण लगेच पंच होऊन धांवतों. क्वचित् थोडें थांबावें आणि त्यांसच म्हणावें, "तुमचे नियम तुम्हीच कागदावर लिहा, व तुम्हीच पाळा." नियम मोडावयास क्षणाचा उत्साह पुरतो. तो करावयास विचार लागतो, आणि आपण हरत असतां तो पाळावयास शील लागतें. चषकावर एलिसचें नांव खुशाल असूं द्यावें. अनुकरण मात्र त्या तीन मुलांचें व्हावें, असें आम्हांस मनापासून वाटतें.