दार उघडले, उंबरठ्याचे काय?

१९४७ च्या फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी नागपुरात जरीपटक्याची वसाहत उभी केली. सिंधमधून कुटुंबे पुढेही येत राहिली. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्राने अशांना नागरिकत्व देण्याचे अधिकार नागपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांस दिले. २०१९ च्या दुरुस्तीने, २०१४ अखेरपर्यंत आलेल्या पाकिस्तानी हिंदूंसाठी वास्तव्याची अट ११ वर्षांवरून ५ वर आणली. कायद्याने दार उघडले. परंतु अरबी वळणाच्या सिंधी लिपीतील दाखल्यांचे भाषांतर, प्रतिज्ञापत्र व अर्ज हा उंबरठा उरतोच. तेथे सेवाभावी संस्थांचाच हात हवा. हा भार केवळ समाजबांधवांनीच का वाहावा? शहरातील वकिलांनी कागदांसाठी व शिक्षकांनी मराठीसाठी आठवड्यातील एक संध्याकाळ द्यावी. मताधिकारावाचून जगणारा शेजारी ही साऱ्या नगराचीच उणीव होय.