आईची पट्टी

माधवनगरच्या आमच्या घरात हौशी पेटीवादक एकच, अस्मादिक. गोविंदराव टेंब्यांनी 1911 साली 'मानापमाना'ला दिलेल्या चाली मी काढू लागलो, की शेजारी खिडक्या लावून घेतात! पण आईच्या भूपाला साथ माझीच. तिचा सा काळी पाचचा; पुढले रे, ग, प, ध पांढरी एक, दोन, चार, पाचवर. बोटांना अगदी पाठ.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर ती मध्येच थांबली. "पुरे रे आता. आवाज वर जात नाही."

"सवयीने जाईल," मी म्हणालो. तिने गाणेच सोडले. घर मुके झाले.

चार दिवसांनी उमगले, की सप्तकात पट्ट्या बारा. सा कुठूनही धरता येतो. अडून बसली होती ती माझी बोटे! सा काळी तीनवर आणला. अन् गंमत पाहा वाचकहो, तिथून भूप नेमका पाच काळ्या पट्ट्यांवर बसतो. रोज रात्री चुकतमाकत हात बसवला.

नरकचतुर्दशीच्या पहाटे पेटी उघडली. आई गुणगुणतच स्वयंपाकघरातून आली, शेवटपर्यंत गायली आणि म्हणाली, "आज घसा बरा लागला रे!"

मी पट्टी सांगितली नाही.